कार्यक्रमाला न्यायचा ट्यूब अ‍ॅम्प: एकच घ्यायचा तर कोणता?

एकाच ट्यूब अ‍ॅम्पवर, म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या गिटारच्या अ‍ॅम्पवर, सगळे कार्यक्रम निभावून न्यायचे असतील, तर त्या अ‍ॅम्पला चॅनेल (वेगवेगळ्या आवाजांचे स्वतंत्र मार्ग) किती आहेत हे सर्वांत शेवटी पाहावे, असे माझे ठाम मत आहे. बहुगुणी म्हणून जे अ‍ॅम्प पुढे केले जातात, त्यांच्या दर्शनी पट्टीवर तीन-तीन चॅनेल, प्रत्येकाला वेगवेगळे मोड आणि सोबत पायाने चालवायचा लांबलचक स्विच असा सरंजाम असतो, आणि घरी बसून त्यांचे व्हिडिओ पाहताना तो हवाहवासा वाटतोही. पण पुण्या-मुंबईत हौसेने किंवा पोटासाठी वाजवणाऱ्या गिटारवादकाची संध्याकाळ कशी असते ते पाहा. सुरुवातीला पंचमदांच्या काळातल्या गाण्यांची ठेक्याची गिटार, मग एखादा संथ ब्लूज, फर्माइशीवरून मराठी चित्रपटगीत आणि शेवटी मंडळी उभी राहावीत म्हणून रॉक. या सगळ्याला पुरून उरते ती एकच गोष्ट: बँडच्या आवाजात न दबणारा, न फाटणारा आणि पेडल लावले तरी न बिघडणारा एक उत्तम क्लीन आवाज. तो ज्या अ‍ॅम्पमध्ये आहे आणि जो अ‍ॅम्प एका माणसाला उचलता येतो, तोच माझ्या हिशेबी बहुगुणी.

सुरुवात वॅटपासून करावी लागते, कारण सर्वाधिक पैसे आणि पाठदुखी याच आकड्याच्या गैरसमजापोटी वाया जातात. अ‍ॅम्पची शक्ती दुप्पट झाली की आवाज दुप्पट होत नाही, तो फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला आवाज साधारण दुप्पट वाटायचा असेल, तर शक्ती दहापट लागते. एका वॅटला एक मीटरवर १०० डेसिबल देणारा स्पीकर धरला, तर २२ वॅटचा अ‍ॅम्प कागदोपत्री सुमारे ११३ डेसिबलपर्यंत जातो, ४० वॅटचा ११६ पर्यंत आणि ८५ वॅटचा ११९ च्या आसपास. म्हणजे जवळजवळ चौपट शक्तीचे पैसे मोजून हाती येतात ६ डेसिबल. उलट स्पीकरच्या संवेदनशीलतेचा आकडा कोणी विचारतही नाही. सेलेस्टियनच्या ग्रीनबॅकची संवेदनशीलता ९८ डेसिबल आहे आणि व्हिंटेज ३० ची १००. नुसता स्पीकर बदलल्याने मिळणारा हा २ डेसिबलचा फरक अ‍ॅम्पची शक्ती दीडपटीहून अधिक वाढवल्यासारखा आहे. अ‍ॅम्प कमी पडतो म्हणून तो विकायला निघालेल्या माणसाने आधी स्पीकरच्या पाठीवरचे लेबल वाचावे.

मग किती वॅट पुरे? याचे उत्तर गिटारवादकाच्या हातात नसून ड्रमरच्या हातात असते. ब्रश घेऊन वाजवणारा ड्रमर असेल किंवा तालाला कहोन (वर बसून वाजवायची लाकडी पेटी) आणि ढोलकी असेल, तर १५ वॅट भरपूर झाले. काठ्यांनी दणकून वाजवणारा ड्रमर असेल आणि अ‍ॅम्पसमोर माइक नसेल, तर १५ वॅटचा अ‍ॅम्प क्लीन राहणार नाही. तो ऐकू येईल, पण फाटलेला. २० ते ४० वॅटच्या पट्ट्यात बहुतेकांचे भागते. आजकाल लहानशा पबमध्येही साउंडवाला अ‍ॅम्पच्या जाळीसमोर शुअरचा एसएम५७ माइक टेकवतो आणि श्रोत्यांपर्यंत पोहोचवण्याचे काम मोठे स्पीकर करतात. अशा वेळी अ‍ॅम्पने फक्त स्टेज भरायचे असते. लॉनवरच्या कार्यक्रमात भिंती नसल्याने अ‍ॅम्पचा आवाज पाच-सात पावलांत विरून जातो, पण तिथेही उपाय मोठा अ‍ॅम्प हा नसून माइक आणि मॉनिटर हाच आहे. शिवाय रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम आपल्याकडे २००० सालापासून आहे, आणि रहिवासी भागातल्या आयोजकाला १०० वॅटचा अ‍ॅम्प पाहूनच घाम फुटतो.

कमी वॅटच्या बाजूने आणखी एक कारण आहे, आणि ते संगीताचे आहे. ट्यूब अ‍ॅम्प अगदी हळू वाजत असताना कोरडा असतो. आवाज वाढवत नेला की पॉवर ट्यूब, आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर हे तिघेही थोडे ताणले जातात, सुराची सुरुवात किंचित दबते, मागचा भाग फुगतो, आणि हलक्या हाताने छेडलेली तार व जोराने ओढलेली तार यांच्या आवाजातला फरक नुसत्या मोठेपणाचा न राहता जातीचा होतो. ज्यांच्यात विजेचा एसी प्रवाह डीसी करण्यासाठीही (म्हणजे रेक्टिफायर म्हणून) ट्यूबच वापरलेली असते, अशा अ‍ॅम्पमध्ये हे दबणे अधिक जाणवते, कारण जोराचा सूर येताच व्होल्टेज क्षणभर खाली बसते. ट्यूब अ‍ॅम्पसाठी एवढा खर्च आणि एवढी देखभाल आपण सोसतो ती याच गुणासाठी. १०० वॅटचा अ‍ॅम्प पबमध्ये व्हॉल्यूमच्या दीडच्या आकड्यावर वाजवला, तर हा गुण कधी प्रकटच होत नाही. २२ वॅटचा अ‍ॅम्प चार-साडेचारवर ठेवला, तर तो सतत हाताशी असतो.

आता प्रत्यक्ष अ‍ॅम्पकडे वळू. मोटामोटी सांगायचे तर ६व्ही६ आणि ६एल६ या पॉवर ट्यूबवर उभी राहिलेली अमेरिकन घराणी आणि ईएल८४ व ईएल३४ वर उभी राहिलेली ब्रिटिश घराणी, असे दोन गट पडतात. नाते मात्र दोघांचे जवळचे आहे. लंडनमधल्या जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२ च्या सुमारास जो पहिला मार्शल, म्हणजे जेटीएम४५, तयार झाला, त्याचे सर्किट फेंडरच्या बासमॅन या अ‍ॅम्पवरूनच घेतलेले होते. ट्यूबपेक्षा टोनचे सर्किट, निगेटिव्ह फीडबॅक (बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा भाग उलटा करून परत आत देणे) आणि स्पीकर यांचा आवाजावर परिणाम अधिक होतो, त्यामुळे केवळ ट्यूबचे नाव वाचून आवाज कसा असेल ते ठरवू नये.

माझी पहिली पसंती फेंडरच्या डिलक्स रिव्हर्बला आहे, आणि ती जगात हजारोंची आहे हे ठाऊक असूनही ती मी बदललेली नाही. हा अ‍ॅम्प १९६३ मध्ये आला. आज नवा मिळतो तो ‘६५’ नावाचा अवतार १९९३ पासून चालू आहे: दोन ६व्ही६, २२ वॅट, बारा इंची एक स्पीकर, ट्यूबचा रेक्टिफायर, स्प्रिंगचा रिव्हर्ब, ट्रेमोलो आणि वजन सुमारे १९ किलो. टेलिकास्टर गिटार लावून त्याचा व्हॉल्यूम एकेक आकडा वाढवत नेला, तर अ‍ॅम्पचा स्वभाव पाच मिनिटांत कळतो. तीनपर्यंत आवाज स्वच्छ, काचेसारखा आणि थोडा टोचरा असतो. चारवर खालचे सूर भरतात आणि ठेक्याची गिटार बँडमध्ये आपोआप जागेवर बसते. पाचवर जोराने वाजवलेल्या सुराच्या टोकाला किंचित खरखर येते, पण गिटारवरचा व्हॉल्यूम सातपर्यंत उतरवला की ती लगेच निघून जाते. सहाच्या पुढे मात्र खर्ज सैल पडू लागतो आणि जाड पिकअपच्या गिटारवर तर तो सांडतोच. माझे सगळे काम चार ते पाच या एका आकड्याच्या अंतरात होते.

या अ‍ॅम्पविषयी एक बारीक गोष्ट माहीत असली पाहिजे. त्याच्या व्हायब्रेटो चॅनेलवर व्हॉल्यूमच्या नॉबला समांतर असा ४७ पिकोफॅरडचा एक छोटा कपॅसिटर कायमचा जोडलेला असतो. व्हॉल्यूम कमी असताना तो तार (वरच्या) सुरांना आडवाटेने पुढे जाऊ देतो, त्यामुळे दोन-अडीचवर ओव्हरड्राइव्हचे पेडल लावले की आवाज डासासारखा भुणभुणतो आणि माणूस पेडलला दोष देतो. व्हॉल्यूम वाढवत नेला की त्या कपॅसिटरचा प्रभाव ओसरतो आणि तेच पेडल गोड वाजू लागते. ज्यांना हळू वाजवावे लागते, त्यांनी जाणत्या कारागिराकडून तो कपॅसिटर काढून घ्यावा किंवा पेडल नॉर्मल चॅनेलवर वाजवावीत. फक्त तिकडे रिव्हर्ब आणि ट्रेमोलो मिळत नाही. ‘६८ कस्टम’ या भावंडात दोन्ही चॅनेलवर दोन्ही सोयी आहेत आणि पेडलवाल्यांनी तोही ऐकून पाहावा.

डिलक्स रिव्हर्बला मिडचा (मधल्या सुरांचा) नॉब नाही, इफेक्ट्स लूप (अ‍ॅम्पच्या आतल्या टप्प्यांमध्ये पेडल जोडण्याची सोय) नाही, मास्टर व्हॉल्यूमही नाही, आणि हे तीन आक्षेप रास्तच आहेत. फेंडरच्या या टोन सर्किटमध्ये मधल्या सुरांना मुळातच खळगा पडलेला असतो. एकट्याने वाजवताना तो खळगा मोहक वाटतो, पण कीबोर्ड आणि दुसरी गिटार सुरू झाली की आपली गिटार नेमकी त्याच खळग्यात पडून दिसेनाशी होते. ट्यूब स्क्रीमरसारखे पेडल साधारण ७२० हर्ट्झच्या आसपास उंचवटा देते आणि हा खळगा बऱ्यापैकी भरून काढते. या दोघांची जोडी वर्षानुवर्षे टिकून आहे ती याच कारणाने. मी असे पेडल ड्राइव्ह जवळजवळ शून्यावर ठेवून निव्वळ एकल वादनासाठी वापरतो.

आता व्हॉक्स ही ब्रिटिश कंपनी. तिचा एसी१५ हा अ‍ॅम्प १९५८ चा, आणि त्याचाच मोठा भाऊ एसी३० बीटल्स व क्वीनच्या ब्रायन मे यांच्यामुळे घरोघरी पोहोचला. एसी१५ मध्ये दोन ईएल८४ असतात. यात निगेटिव्ह फीडबॅक नसल्याने आवाज क्लीन कुठे संपतो आणि फाटायला कुठे लागतो याची रेघ दाखवता येत नाही. ज्यांना गिटारचा व्हॉल्यूम कमी-जास्त करून सगळे रंग काढता येतात, त्यांच्यासाठी याच्याइतका आनंदाचा अ‍ॅम्प दुसरा नाही. पण दणकट ड्रमरसमोर ज्यांना पूर्ण स्वच्छ आवाज हवा, त्यांना १५ वॅट नक्कीच कमी पडतील. त्यावरचा टोन कट नावाचा नॉब उलटा चालतो, म्हणजे वाढवला की तार सूर कमी होतात. साउंडचेकच्या घाईत हे विसरू नये. एसी३० घेतला तर हेडरूमचा, म्हणजे न फाटता मिळणाऱ्या आवाजाचा, प्रश्न मिटतो, पण दोन स्पीकरचा तो कॉम्बो तीस किलोच्या वर जातो आणि तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलला लिफ्ट असेलच याची हमी आयोजक देत नाही.

फेंडरचा हॉट रॉड डिलक्स ४० वॅटचा आहे, त्याला लूप आहे आणि वजन वीस किलोच्या आसपास. पेडलवाल्यांच्या दृष्टीने तो सरळसोट आणि भक्कम घोडा आहे, पण त्याच्या स्वतःच्या ड्राइव्ह चॅनेलच्या भरवशावर तो घेऊ नये. जुन्या आवृत्त्यांत व्हॉल्यूमचा नॉब एकवरून दोनवर जाताना जी उडी मारतो, ती लहान जागेत त्रासदायक ठरते. ट्विन रिव्हर्बचा ८५ वॅटचा क्लीन आवाज मला अप्रतिम वाटतो आणि तो दुसऱ्याच्या मालकीचा, स्टेजवर आधीच आणून ठेवलेला असला तर आणखीच. स्वतःचा २९ किलोचा ट्विन घेऊन रिक्षात बसण्याची उमेद माझ्यात नाही.

चॅनेल शेवटी पाहावे असे मी म्हटले, ते सगळ्यांना लागू नाही. ज्यांच्या बँडचे निम्म्याहून अधिक काम जाड, घट्ट डिस्टॉर्शनवर चालते, त्यांनी क्लीन अ‍ॅम्पवर पेडल रचण्याचा खटाटोप करू नये. प्रीअ‍ॅम्पमध्ये, म्हणजे पॉवर ट्यूबच्या आधीच्या भागात, एकामागोमाग एक गेन स्टेज (आवाज वाढवणारे टप्पे) जोडून मिळणाऱ्या आवाजाची कल्पना कॅलिफोर्नियात रँडल स्मिथ यांनी मेसा बूगी या अ‍ॅम्पमध्ये रुजवली, आणि त्या आवाजाचा घट्टपणा पेडलमध्ये क्वचितच सापडतो. मार्शलचा डीएसएल४०सीआर या गरजेचे चांगले उत्तर आहे: दोन ईएल३४, ४० वॅटवरून २० वर आणण्याची सोय, दोन चॅनेलमध्ये मिळून चार प्रकारचे गेन, लूप आणि पायाने बदलता येणारे दोन मास्टर व्हॉल्यूम. यातली दुसऱ्या मास्टरची सोय मला सर्वांत कामाची वाटते, कारण एकल वादनाच्या वेळी नुसते डिस्टॉर्शन वाढवून गिटार पुढे येत नाही, तिला खरोखर अधिक आवाज लागतो. त्याच्या क्रंच मोडमध्ये गिटारचा व्हॉल्यूम खाली घेऊन ठेका धरता येतो, आणि मराठी-हिंदी गाण्यांनाही तो आवाज शोभतो.

लूप हवा की नको, हे याच मुद्द्याशी बांधलेले आहे. डिस्टॉर्शन अ‍ॅम्पच्या प्रीअ‍ॅम्पमध्ये तयार होत असेल, तर डिले आणि रिव्हर्ब त्याच्या नंतर यायला हवेत, नाही तर प्रतिध्वनीही फाटून सगळा चिखल होतो. अशा वेळी लूप अत्यावश्यक आहे. डिस्टॉर्शन पेडलमधून येत असेल आणि अ‍ॅम्प क्लीन असेल, तर सगळी पेडल एका ओळीत अ‍ॅम्पच्या तोंडाशी लावून काम झकास होते आणि स्टेजभर लोळणाऱ्या चार केबलऐवजी एकच पुरते. या दुसऱ्या पद्धतीचा एक फायदा मला फार मोलाचा वाटतो. परगावी गेल्यावर आयोजकाने ठेवलेला कोणता तरी अनोळखी अ‍ॅम्प मिळतो. आपला सगळा आवाज पेडलबोर्डवर क्लीन अ‍ॅम्प गृहीत धरून रचलेला असेल, तर त्या अ‍ॅम्पचा क्लीन चॅनेल शोधायचा, तार सूर थोडे कमी करायचे आणि वाजवायला लागायचे. अ‍ॅम्पच्या चौथ्या मोडवर ज्याचा आवाज अवलंबून आहे, त्याची अशा ठिकाणी पंचाईत होते.

विजेविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण परदेशी माहितीत आपल्याकडच्या अडचणी सापडत नाहीत. न्यू जर्सीतल्या मावशीकडून किंवा कॅलिफोर्नियातल्या मित्राकडून अ‍ॅम्प मागवण्याचा मोह अनेक मराठी घरांत होतो, कारण तिकडे जुने अ‍ॅम्प स्वस्त असतात. तिकडचा अ‍ॅम्प १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झसाठी बनवलेला असतो, आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. केवळ ६० हर्ट्झसाठी आखलेला पॉवर ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर अधिक तापतो आणि उन्हाळ्यातल्या लॉनवर ते परवडत नाही. त्यातून प्रत्येक कार्यक्रमाला तो जड स्टेप-डाउन वेगळा वाहायचा. मागवायचाच असेल, तर ज्याच्या ट्रान्सफॉर्मरला २३० व्होल्टची जोडणी मुळातच दिलेली आहे असाच मागवावा आणि ती जोडणी कारागिराकडून बदलून घ्यावी. मला विचाराल तर भारतातल्या विक्रेत्याकडून, वॉरंटीसह, २३० व्होल्टचाच घ्यावा. थोडे अधिक पैसे गेले तरी.

व्होल्टेज वर-खाली होण्याचा परिणाम ट्यूबवर थेट होतो. ट्यूबच्या हीटरला ६.३ व्होल्ट लागतात. जनरेटरवर २३० च्या जागी २५० व्होल्ट येऊ लागले, तर हीटरला जवळपास ६.८५ मिळतात आणि प्लेटवरचे ४०० च्या घरातले व्होल्टेजही त्याच प्रमाणात चढते. अशाने ट्यूबचे आयुष्य घटते. लॉनवर किंवा जत्रेत वाजवणाऱ्याने एक चांगला स्टॅबिलायझर सोबत ठेवावा, आणि अ‍ॅम्प लावण्याआधी मल्टिमीटरने सॉकेट तपासावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अर्थिंग. अ‍ॅम्पला अर्थ नसेल किंवा अ‍ॅम्प आणि साउंडवाल्याचा मिक्सर वेगवेगळ्या लाइनवर असतील, तर गिटारच्या तारा आणि माइक यांच्यामध्ये व्होल्टेज उभे राहू शकते, आणि तारेवर हात ठेवून माइकला ओठ लावणाऱ्याला ते कळते. हा झटका जिवावर बेतू शकतो. गुणगुण थांबावी म्हणून प्लगची अर्थची पिन काढून टाकणारे महाभाग मी पाहिलेले आहेत. तसे कधीही करू देऊ नये, मग साउंडवाला कितीही अनुभवी असो.

ट्यूब आज मुख्यतः तीन देशांत बनतात: स्लोव्हाकियात जेजे, रशियात सारातोवचा कारखाना आणि चीन. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धानंतर रशियातून होणाऱ्या पुरवठ्यावर गदा आली, तेव्हा जगभर ट्यूबच्या किमती चढल्या आणि ती झळ आपल्यालाही लागली. एके काळी ही वस्तू आपल्या देशात बनत होती. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रेडिओसाठी व्हॉल्व्ह तयार केले आणि त्यातले ईएल८४ व ईसीसी८३ जुन्या साठ्यातून आजही शौकिनांच्या हाती लागतात. ईसीसी८३ म्हणजेच अमेरिकन नावाची १२एएक्स७, जी बहुतेक अ‍ॅम्पच्या प्रीअ‍ॅम्पमध्ये असते. अ‍ॅम्प निवडताना त्याच्या ट्यूब इथे सहज मिळतात का, हे पाहावे. वर सांगितलेल्या सगळ्या मिळतात, फक्त पॉवर ट्यूब जुळवलेल्या जोडीनेच घ्याव्या लागतात. नियमित कार्यक्रम करणाऱ्याच्या पॉवर ट्यूब साधारण वर्ष-दोन वर्षांत उतरतात; प्रीअ‍ॅम्पच्या पुष्कळ अधिक टिकतात. व्हॉक्ससारखे अ‍ॅम्प ईएल८४ ला बरेच तापवून चालवतात, तेव्हा तिथे हा खर्च थोडा लवकर येतो.

दुरुस्तीसाठी मोठ्या शहरात एखाद-दुसरा तरी कारागीर सापडतो, आणि जुने रेडिओ दुरुस्त केलेला माणूस बहुधा नवख्या इंजिनिअरपेक्षा भरवशाचा असतो. पुण्यात तापकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला फ्यूज, रेझिस्टर, कपॅसिटर मिळून जातात. पण स्वतः मागचे झाकण काढून आत हात घालू नये, कारण प्लग काढल्यानंतरही फिल्टर कपॅसिटर शेकडो व्होल्ट धरून बसलेले असतात. दुसरा एक नियम सगळ्या बँडला पाठ असावा: स्पीकर जोडलेला नसताना ट्यूब अ‍ॅम्प चालू करायचा नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मरला भार मिळाला नाही, तर त्यात निर्माण होणाऱ्या व्होल्टेजच्या उसळीने तो ट्रान्सफॉर्मर किंवा ट्यूबचे सॉकेट जळू शकते, आणि ही अ‍ॅम्पमधली सर्वांत महागड्या दुरुस्त्यांपैकी एक आहे.

एवढे सगळे वाचून कोणी विचारेल की मग डिजिटलच का घेऊ नये. ज्यांना विमानाने फिरावे लागते किंवा जे सगळे कानात इअर मॉनिटर घालून वाजवतात, त्यांनी मॉडेलर (अ‍ॅम्पच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारे यंत्र) घ्यावा. फेंडरनेच २०१९ मध्ये डिलक्स रिव्हर्बची टोन मास्टर नावाची ट्यूबविरहित प्रत काढली. ती साडेदहा किलोच्या आसपास आहे आणि श्रोत्यांतल्या कोणालाही फरक कळणार नाही. फरक कळतो तो वाजवणाऱ्याला, अ‍ॅम्प पायाशी असताना, हाताखाली. तो फरक ज्याला हवा असेल त्यानेच ट्यूबच्या वाटेला जावे.

दुकानात जाताना आपली गिटार, आपली पेडल आणि शक्य झाल्यास आपला ड्रमर घेऊन जावे. अ‍ॅम्प जमिनीवर आणि आपण उभे, या स्थितीत स्पीकरचे तार सूर गुडघ्यांकडे जातात आणि कानाला आवाज दबलेला वाटतो. मग माणूस ट्रेबल वाढवतो आणि समोरच्या रांगेतल्यांचे कान फाडतो. त्यामुळे अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवून किंवा मागे कलवून ऐकावा. काही अ‍ॅम्पला कलवण्यासाठी बाजूला पाय दिलेलेच असतात. घरच्या खोलीइतक्या आवाजात केलेली परीक्षा निरुपयोगी आहे. दुकानदार कुरकुरला तरी कार्यक्रमाच्या आवाजात काही मिनिटे वाजवू द्यावे असा आग्रह धरावा. त्याला ते मान्य नसेल, तर तोच अ‍ॅम्प असलेल्या एखाद्या रिहर्सल स्टुडिओत तासभर घेऊन तिथे ऐकावा.

जुना अ‍ॅम्प घेत असाल, तर निदान अर्धा तास तो चालू ठेवूनच व्यवहार करावा, कारण पुष्कळसे दोष तापल्यावरच बाहेर येतात. सगळे नॉब शून्यावर असताना मोठी गुणगुण येत असेल, तर फिल्टर कपॅसिटर थकलेले असण्याची शक्यता मोठी. प्रत्येक ट्यूबवर पेन्सिलीच्या मागच्या टोकाने अलगद टकटक करावी. स्पीकरमधून टणटण ऐकू आली, तर ती ट्यूब बदलावी लागेल, आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करून मागावेत. जाड तारेवर खालून वरपर्यंत एकेक सूर सावकाश वाजवावा, म्हणजे कोणत्या सुराला कोणता स्क्रू, क्लिप किंवा जाळी खडखडते ते समजते. दिवे मालवून मागून पाहावे: हीटरचा नारिंगी उजेड ठीक, पण पॉवर ट्यूबची आतली राखाडी प्लेटच लालभडक होत असेल, तर अ‍ॅम्प ताबडतोब बंद करावा, बायस (ट्यूबमधून किती प्रवाह वाहावा याची मांडणी) बिघडलेला आहे. कोकणातून किंवा मुंबईच्या किनाऱ्यालगतच्या घरातून येणाऱ्या अ‍ॅम्पच्या जॅकवर आणि चासीवर गंज आहे का, जाळीच्या कापडाला बुरशीचा वास येतो का, हेही पाहून घ्यावे.

व्यवहार ठरला की त्याच दिवशी पॉवर ट्यूबची एक जुळवलेली जोडी, एक १२एएक्स७, अ‍ॅम्पच्या पाठीवर लिहिलेल्या मूल्याचे आणि प्रकाराचे चार-पाच फ्यूज आणि एक जादा स्पीकर केबल घेऊन ठेवावी. गिटारची साधी केबल स्पीकरला लावून चालत नाही. हे सगळे गिटारच्या बॅगेत न ठेवता अ‍ॅम्पच्या कव्हरच्या खिशात ठेवावे, म्हणजे अ‍ॅम्प जिथे जाईल तिथे ते पोहोचते.